उभ्या गाडीचं सामान

दिग्रसला हाफिज मिस्त्रींचं गॅरेज विचारलं तर लोक आता आसिमचं नाव सांगतात. रस्त्यालगतच्या शेडमध्ये त्यांचा मुलगा आसिम मोटरसायकली दुरुस्त करतो आणि गिऱ्हाईक त्याच्याकडेच येतं. मागचं अंगण मात्र अजून मिस्त्रींचं आहे. तिथे चिंचेखाली एक बाज, एक तेलकट टेबल आणि एक फियाट. गोल पाठीची, पुढची दारं उलटी उघडणारी, कधीकाळी दुधी रंगाची. ह्या गाडीला सगळे डुक्कर फियाट म्हणतात. मिस्त्री म्हणत नाहीत. ते तिला बळीरामची गाडी म्हणतात. बळीराम होता तेव्हा नुसतं 'गाडी' म्हणायचे.

बळीराम मुद्दाम छेडायचा. बाजेवर चार माणसं बसलेली पाहिली की फाटकातूनच ओरडायचा, "काय मिस्त्री, माह्या डुकरानं काही खाल्लं का नाही सकाळपासून?"

"गाडीले पेट्रोल पाजलं मी," मिस्त्री वर न बघता म्हणायचे. "बाकी जनावराचं तू पाह्य."

बळीराम जिनिंगमध्ये काट्यावर होता. कापसाच्या बैलबंड्या तोलता तोलता त्यानं शेटजींची मोडीत निघालेली फियाट मागून घेतली आणि मिस्त्रींच्या अंगणात ढकलत आणली. ती रस्त्याला लागली त्या दिवशी त्याच्या वस्तीत पहिल्यांदा कोणाच्या तरी दारात चारचाकी उभी राहिली. पोरं तिच्यावर हात ठेवून पाहत होती, गरम भांड्याला लावावा तसा. मग दर दसऱ्याला बळीराम, त्याची बायको कांताबाई, मुलगी उर्वशी आणि जागा असेल तितके शेजारी असे पांढरे कपडे घालून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. बॉनेटवर पंचशील ध्वज, मागे भाकरी-ठेच्याचं गाठोडं.

निघायच्या दिवशी मिस्त्री पहाटेच हजर असायचे. गाडी दुरुस्त करून दिली की पहिल्यांदा नाक्यापर्यंत तिच्यात बसायचं, बोलायचं नाही, नुसता कान द्यायचा, अशी त्यांची पद्धत. नाक्यावर उतरायचं, बॉनेटवर दोनदा थाप मारायची आणि पायी परत यायचं. दसऱ्याला गाडीत जागा नसायची, तरी कांताबाई पोरांना दाटीवाटीनं सरकवायच्या आणि म्हणायच्या, "या हाफिजभाई, तुमच्या कानाले जागा केली."

ही पद्धत त्यांच्या उस्तादाची. उस्ताद यवतमाळचे, फार बोलत नसत, पण दोन गोष्टी त्यांनी पान्याच्या दांड्यानं हातावर मारून शिकवल्या होत्या. एक, जागा खाली ठेवायची नाही. उभ्या गाडीतून एखादं सामान काढून दुसरीला लावलं, तर दुसरीचं मोडकं सामान पहिलीत बसवून ठेवायचं, सगळे नट आवळून. नाहीतर त्या भोकातून माती जाते, पाणी जातं, उंदीर घर करतात, आणि मालकाला आपली गाडी लुटल्यासारखी दिसते. उसनं सामान परत येणार असतं. त्याची जागा त्याच्यासाठी धरून ठेवायची. म्हणून उसन्या सामानावर लोखंडी पंचानं खूण ठोकायची. बळीरामच्या सामानाची खूण दोन टिंबं.

आणि दुसरी गोष्ट, चालती गाडी उभी करायची नाही. कितीही गरज असो, उभ्या गाडीसाठी चालत्या गाडीच्या अंगाला हात लावायचा नाही.

मग एका वर्षी बळीरामच्या फियाटच्या इंजिनाचं हेड तडकलं. नागपूरहून दुसरं येईपर्यंत गाडी चिंचेखाली उभी होती. तेवढ्यात गावातल्या डॉक्टरांची फियाट आर्णीच्या रस्त्यावर बसली. गाडी त्याच जातीची, तशीच गोल. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, ज्याच्यातले दाते इंजिनाचं फिरणं चाकांना देतात, तो फुटला होता. डॉक्टर खेडोपाडी पेशंट पाहायला जायचे. बळीराम बाजेवर बसून सगळं ऐकत होता.

"माह्यातला काढ ना," तो म्हणाला. "माही तर उभीच हाये."

"पाह्य, विचार कर. नवा कधी येईन सांगता येत नाही."

"अरे, डॉक्टर पेशंटकडे माह्या गोळ्यावर जाईन. मले पुण्य लागंन का नाही?"

"गोळ्याचं पुण्य नसते बाप्पा."

"तुमच्यात नसंन. आमच्यात चालते."

मिस्त्रींनी बळीरामच्या गाडीचा गोळा काढला, त्याच्या काठावर दोन टिंबं ठोकली आणि डॉक्टरांच्या गाडीत बसवला. डॉक्टरांचा फुटका गोळा बळीरामच्या गाडीत गेला. नट आवळले. बाहेरून पाहिलं तर काहीच बदललेलं नव्हतं.

नवा गोळा आला नाही. ती गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला होता. नागपूरचे दुकानदार हसायचे. महिन्याभरातच डॉक्टर दवाखाना घेऊन उमरखेडला गेले. बळीरामचं हेड मात्र आलं, बसलं, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. गाडी आवाज करायची, थरथरायची आणि जागच्या जागी उभी राहायची. बळीराम दर रविवारी यायचा, दार उघडून आत बसायचा आणि इंजिन सुरू करायचा. स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत थोडा वेळ बसायचा.

"कुठं चालला?" मिस्त्री विचारायचे.

"कारंज्यापर्यंत आलो. तुले काही आणू काय?"

तो विनोद पुष्कळ दिवस चालला. मग एका दसऱ्याच्या आधी बळीराम आला आणि गाडीत न बसता बाजेवरच बसला. कांताचे गुडघे गेले, म्हणाला. मागल्या साली एसटीत उभं राहून पाय सुजले. "ह्या खेपेस गाडीनंच जाऊ म्हणतो, हाफिज. डॉक्टरले विचारून पाहाचं काय? आठ दिवसांपुरतं."

मिस्त्रींनी हातातलं काम खाली ठेवलं नाही. "चालती गाडी उभी करू काय? तो माणूस तिच्यावर पेशंट पाहून राह्यला."

बळीराम लगेच म्हणाला, "नाही, नाही. तसं नको."

एवढंच बोलणं झालं. एक मिनिटही लागलं नसेल. बळीराम त्या दसऱ्याला एसटीनं गेला. कांताबाईंना बसायला जागा मिळाली, तो स्वतः उभा होता, असं त्यानं परत आल्यावर सांगितलं आणि नागपूरच्या संत्र्यांची पिशवी बाजेवर ठेवली. पुढचा दसरा त्यानं पाहिला नाही. फाल्गुनात, काट्यावरून घरी येऊन पाणी मागितलं आणि पेला हातात घेण्याआधीच गेला.

मिस्त्रींनी गाडी ताडपत्रीखाली झाकली. लोक तिचं सामान मागायला येत, हळूहळू यायचे बंद झाले, कारण तसल्या गाड्याच राहिल्या नाहीत. आपण चुकलो असं त्यांना त्या वर्षांत कधी वाटलं नाही. वाईट वाटायचं, पण चुकलो असं नाही. एकीकडे दोस्ताचा दसरा, दुसरीकडे खेड्यातल्या आजाऱ्याची वाट. उस्तादांनीही तेच सांगितलं असतं. रात्री कधी झोप नाही आली तर ते डॉक्टरांची फियाट डोळ्यांपुढे आणायचे: कुठल्या तरी मातीच्या रस्त्यावरून, बळीरामचा गोळा पोटात घेऊन, दिवे लावून चालली आहे. मग झोप लागायची.

ह्या वर्षी पोळा झाल्यावर उर्वशी आली. ती आता यवतमाळला कॉलेजात शिकवते. तिनं ताडपत्रीचं एक टोक उचलून आत पाहिलं.

"चाचा, ही चालू होईन काय? आईले ह्या दसऱ्याला हिच्यातून नागपूरले न्यायचं हाये."

"इंजिन करतो मी. पण हलणार नाही वं ती. मागचा गोळा फुटला हाये."

उर्वशीनं फोन पुढे धरला. उमरखेडच्या एका भंगारवाल्यानं फोटो टाकला होता. पत्र्यांच्या ढिगाशेजारी एक गोल फियाट, टायर नसलेली, नुसत्या रिंगांवर बसलेली, काचेवर धूळ. मिस्त्रींनी चष्मा वर केला, फोन लांब धरला, जवळ धरला. डाव्या दिव्याच्या वरचा पोचा त्यांनी स्वतः ठोकून सरळ केला होता, पूर्ण झाला नव्हता.

"ही डॉक्टरची हाये," ते म्हणाले. "हिच्या पोटात तुह्या बापाचं सामान हाये."

दुसऱ्या दिवशी टेम्पो केला. दिग्रस, पुसद, उमरखेड. मिस्त्रींनी जॅक घेतला, पाने घेतले, लाकडी ठोकळे घेतले, आणि बायकोनं, हुस्नाबीनं, बांधून दिलेला डबा मांडीवर ठेवला. रस्ताभर ते जवळजवळ आनंदात होते. डॉक्टरांची गाडी शेवटी थकली, तिनं तिचं काम केलं, आता सामान घरी येणार. उसनं परत येतं, उस्ताद म्हणायचे. उशीर होतो, पण येतं.

भंगाराचं आवार नदीकडच्या अंगाला होतं. मालक जमीर, पंचविशीतला, गळ्यात रुमाल, बोलताना हातातली लोखंडी सळई हवेत फिरवायचा.

"जो होना वो निकालो चाचा, पण संध्याकाळच्या आत. उद्या कटर लागते हिच्यावर. मंग पत्रा इकडं, लोखंड तिकडं."

मिस्त्रींनी आधी गाडीभोवती एक चक्कर मारली. पुढची काच धड होती. हॉर्नची गोल रिंग होती, उलट्या दारांच्या बिजागऱ्या होत्या, त्यांना तेलाचा एक हात दिला असता तर फिरल्या असत्या. रेडिएटर चाळणी झालेला. त्याला त्यांनी नुसता हात लावला आणि सोडून दिला. उर्वशी ते सांगतील तसा एकेक तुकडा जुन्या साडीत गुंडाळून टेम्पोत ठेवत होती. काच तिनं ओटीत घ्यावी तशी नेली.

मग ते गाडीखाली गेले. मागून जॅक लावला, ठोकळे सारले. ड्रम काढले, चाकांचे दांडे ओढले. एक अडला, त्याला जमीरनं तिकडून हिसका दिला. गोळ्याच्या खाली रिकामं डबडं ठेवून मिस्त्रींनी बूच सोडलं.

तेल खाली यायला वेळ लागला. थंडीतल्या मधासारखं, घट्ट, एका धारेत आलं. मिस्त्रींनी बोट घातलं, उजेडाकडे धरलं. ते पिवळं होतं. पुष्कळ चाललेल्या गाडीचं तेल काळं असतं, जळाल्यासारखं वास मारतं. त्यांना वाटलं कोणीतरी अलीकडे बदललं असेल.

गोळा खाली उतरला तेव्हा त्यांनी काठावरची माती अंगठ्यानं पुसली. दोन टिंबं. जणू काल ठोकलेली. उर्वशी वाकून बघत होती, तिनं त्या टिंबांवर बोट ठेवलं.

मिस्त्रींनी चिंधीनं एकेक दाता पुसला. बसवताना त्यांनी हे दाते पाहिले होते. बळीरामच्या गाडीनं त्यांच्यावर घासून केलेली पट्टी कुठपर्यंत आहे हे त्यांना माहीत होतं. ती पट्टी तिथेच होती. पुढे सरकलेली नव्हती.

त्यांनी तोच दाता पुन्हा पुसून पाहिला.

"जमीर, ही गाडी कुठून आणली?"

"डॉक्टरसाबच्याच घरून. मागच्या गोठ्यात होती."

"डॉक्टर हिच्यावर फिरत होते ना? पेशंटकडे?"

"हिच्यावर?" जमीर हसला. "चाचा, आमी लहानपणी हिच्यात बसून खेळत होतो. मी ड्रायव्हर, माही बहीण सवारी. डॉक्टरसाब दिग्रसहून आले ना, त्याच सालात नवी गाडी घेतली. हिले आणलं अन् गोठ्यात लावलं. एक दिवस बी चालताना नाही पाह्यली मी."

"एक दिवस बी नाही?"

"हिचा हॉर्न मेला होता, तवा आमी तोंडानं वाजवत होतो. पों पों."

उर्वशीनं मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती आणि हातातली चिंधी घडी घालून घालून लहान करत होते. मग ते पुन्हा गाडीखाली सरकले. गोळा निघाला तिथे आरपार गोल भोक उरलं होतं. त्यांनी टेम्पोतून पोतं मागवलं, त्याचा बोळा केला आणि त्या भोकात कोंबला. नीट, कडेकडेनं दाबून.

"अरे चाचा," जमीर ओरडला, "उद्या कापाची हाये ना ती! बोळे कायले कोंबता? उंदीर जातीन म्हणून?"

"हो," मिस्त्री म्हणाले.

परतताना पुसद मागे पडलं. डबा तसाच मांडीवर होता. गोळा दोघांच्या पायांपाशी, साडीच्या धडप्यात.

"चाचा," उर्वशी म्हणाली, "बाबानं तुमाले विचारलं होतं ना एकदा? मी तेव्हा अमरावतीले होस्टेलात होती. आई सांगत होती."

"विचारलं होतं."

"अन् तुमी काय म्हटलं?"

"मी म्हटलं, चालती गाडी उभी करत नाही."

टेम्पोचा ड्रायव्हर गिअर बदलत होता. जुना टेम्पो, प्रत्येक गिअरला कण्हत होता. मिस्त्रींना तो आवाज नको वाटला.

"उभीच होती बेटा ती. मी जाऊन पाह्यलं नाही. फोन नाही लावला. कोणाजवळ निरोप नाही देल्ला. इथून उमरखेड, एसटी जाते. जिनिंगचे ट्रक जात होते. कोणालेही म्हटलं असतं, जरा डॉक्टरचं दार पाहून ये... मले वाटे, चालून राह्यली."

उर्वशी खिडकीबाहेर बघत राहिली. दोन्ही अंगांना कापूस हिरवा, अजून फुटायचा होता. थोड्या वेळानं तिनं डबा उचलून त्यांच्या हातात दिला. "खाऊन घ्या," म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तसा धीरही नव्हता.

पुढचे दिवस मिस्त्री गाडीखालीच होते. आसिमनं दोनदा विचारलं, मदत करू का, नको म्हणाले. हुस्नाबी अंगणात चहा ठेवून जायची आणि थंड झालेला परत न्यायची. एकदा ती बाजेवर टेकली आणि म्हणाली, "पूछ लेते तो क्या होता था जी?" मग स्वतःच उठून आत गेली. मिस्त्रींनी डॉक्टरांचा फुटका गोळा बळीरामच्या गाडीतून काढला आणि बळीरामचा गोळा त्याच्या जागी बसवला. नट एकेक करून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत. काच बसवली. बिजागऱ्या बदलल्या. रंग दिला नाही. उर्वशी नको म्हणाली, बाबाच्या हाताचा रंग आहे तेवढा राहू द्या.

दसऱ्याच्या पहाटे कांताबाई आल्या. पांढरी साडी, हातात काठी, दुसरा हात उर्वशीच्या खांद्यावर. त्यांनी गाडीला लगेच हात लावला नाही. मिस्त्रींसमोर उभ्या राहिल्या.

"उर्वशीनं सांगितलं मले," त्या म्हणाल्या.

"भाभी..."

"विचाराले पाहिजे होतं, हाफिजभाई."

"हो."

"उर्वशीच्या बापानं बी जरा नेटानं म्हणाले पाहिजे होतं. एकदा नको म्हटलं की झालं काय? पण नाही. घरी येऊन मलेच शिकवे, मिस्त्री म्हणते ते बरोबर हाये, कांता, चालती गाडी उभी करू नये. दोघं बी एका मापाचे." काठी दुसऱ्या हातात घेऊन त्यांनी गाडीच्या छपरावर तळवा टेकवला. "मले गुडघ्याचं काही नव्हतं हो. उभी राहली असती मी नागपूरपर्यंत. त्यालेच एकदा चालवायची होती. माह्या गुडघ्याच्या नावानं मागून राह्यला होता."

मिस्त्रींना हे माहीत नव्हतं. त्यांनी रविवारचा बळीराम आठवला, भिंतीकडे बघत गाडी चालवणारा. त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं दाराची मूठ पुसली, जी आधीच पुसलेली होती, आणि दार उघडून धरलं.

उर्वशी स्टिअरिंगवर बसली. कांताबाई तिच्या शेजारी. मिस्त्री बाहेरच उभे राहिले तेव्हा कांताबाईंनी मान वळवली.

"नाक्यापर्यंत तरी येसान का नाही? का आता कानही राह्यले नाहीत?"

ते मागे बसले. बॉनेटवर ध्वज बांधलेला होता. गाडी सुरू झाली, थरथरली आणि मग, चिंचेच्या सावलीतून, हलली. आसिमच्या शेडसमोरून रस्त्यावर आली. दुसरा गिअर, तिसरा. मिस्त्रींनी डोळे मिटून कान दिला. दातांचा आवाज एकसारखा येत होता, सूत काढल्यासारखा, कुठे खरखर नाही, कुठे ठोका नाही. त्यांनी एखादी खोट शोधली. सापडली असती तर बरं वाटलं असतं. गाडी परत आणून खालून पाहता आली असती. सापडली नाही.

नाक्यावर ते उतरले. बॉनेटवर दोनदा थाप मारली. कांताबाईंनी आतून हात जोडले, मग त्यातला एक हात कोणाला निरोप द्यावा तसा जरासा हलवला. गाडी नागपूरच्या दिशेनं गेली आणि मिस्त्री पायी परत निघाले.

अंगणात टेबलावर डॉक्टरांचा फुटका गोळा पडलेला होता. आसिमनं शेडमधून विचारलं, "अब्बा, हा भंगारात देऊन टाकू?" मिस्त्रींनी चिंधी घेतली, गोळा पुसला, दाते पुसले, मोडलेल्या दात्याच्या खाचेतली माती काडीनं काढली. काढलेलं सामान रिकाम्या जागी बसवायचं असतं. पण ज्या गाडीत ती जागा होती, ती उमरखेडला कापून झाली होती. तिथे त्यांनी पोत्याचा बोळा कोंबला होता. गोळा दोन्ही हातांत धरून त्यांनी सवयीनं मान वर केली. चिंचेखाली गाडी नव्हती. इतकी वर्षं ती उभी होती तिथे जमिनीत चाकांचे चार खळगे होते आणि मधोमध तेलाचा एक काळा डाग, गोळ्याएवढाच गोल.